गिरणीवरचे सर

सरांच्या घरात मोठी अशी वस्तूच नव्हती. स्वयंपाकघरात पाच लहान कुकर होते, दोन लहान फ्रिज होते, आणि दारात एकाच रंगाच्या दोन जुन्या मोपेड उभ्या असायच्या. जेवायला माणसं वाढली की काकू कुकर वाढवत जायच्या. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेले तेव्हा पाचही कुकर वेगवेगळ्या सुरांत शिट्ट्या देत होते आणि सर बाहेरच्या खोलीत डोळे मिटून ऐकत बसले होते. मध्येच म्हणाले, "तिसरा दमलाय. पण भात अडणार नाही."

"एक मोठं घेतलं की ते बंद पडल्यावर सगळं बंद," असं त्यांचं म्हणणं. "लहान लहान घ्यावीत. गरज वाढली की आणखी एक आणावं. एखादं रुसलं तर बाकीची सांभाळून घेतात."

काकू वडगावच्या कोर्टात वकिली करायच्या. उंच, भरभक्कम बाई, आणि आवाज असा की साक्षीदार अर्धं खरं तिथेच बोलून टाकायचा. त्या म्हणायच्या, "लग्नाच्या वेळी मात्र यांनी मोठी वस्तू घेतली. एकच घेतली, आणि अजून बंद पडलेली नाही."

सरांचं ऑफिस वडगाव मावळला, बाजारातल्या एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर होतं. खाली दळण, वर आम्ही. गावोगावचे कार्यक्रम, लग्नं, शाळांची स्नेहसंमेलनं मोबाइलवर थेट दाखवायची, हे आमचं काम. त्यासाठी लागणारा महागडा सर्व्हर सरांनी घेतलाच नव्हता. लाकडी फळ्यांवर नऊ जुने लॅपटॉप मांडले होते, बॅटऱ्या कधीच मेलेल्या, एकाची स्क्रीन फुटलेली, एकाचं झाकणच नाही. आलेलं चित्र हे नऊ जण आपापसांत वाटून घ्यायचे, त्यावर काम करायचे आणि पुढे पाठवायचे. पीठ उडून आत जाऊ नये म्हणून काकूंनी प्रत्येकाला जुन्या ओढणीचा झगा शिवला होता. पहिल्या दिवशी दार उघडलं तेव्हा मला वाटलं, कुणीतरी बाहुल्यांचं लग्न मांडलंय.

माझी मुलाखत त्याच खोलीत झाली. मी बेगडेवाडीहून लोकलने आले होते, कागद नीट फाइलमध्ये लावून. सरांनी फाइल उघडलीच नाही. म्हणाले, "तू कोण? एका शब्दात सांग."

"इंजिनिअर."

"आता एका वाक्यात."

"मी कॉम्प्युटर इंजिनिअर आहे आणि मला नोकरी हवी आहे."

"आता मी थांबवेपर्यंत बोल."

मी बोलत सुटले. शिक्षण, प्रोजेक्ट, वडिलांची कारखान्यातली नोकरी, मला पोहता येतं, सगळं सांगितलं. खालची गिरणी सुरू झाली आणि माझा आवाज बुडाला. ती थांबल्यावर सर म्हणाले, "बघ, तुझा शेवटचा भाग गिरणीत गेला. पण पहिलं वाक्य माझ्यापर्यंत पोचलं होतं. नोकरी मिळाली. लोक नेमकं उलटं करतात. महत्त्वाचं शेवटी ठेवतात, आणि लाइन आधीच तुटते."

हे त्यांच्या आयुष्याचं काम होतं. चित्र पाठवायचं ते थरांमध्ये. सगळ्यांत खाली एक लहानसा, धूसर थर. त्याला ते बेस लेअर म्हणायचे. तो सगळ्यांना मिळालाच पाहिजे. त्यावर दुसरा थर आला की चेहरे दिसू लागतात, तिसरा आला की साडीचे काठ. ज्याचं नेटवर्क जेवढं, तेवढे थर त्याने घ्यावेत. पूर्वी सर पुण्यातल्या एका मोठ्या कंपनीत होते. तिथे ते ही कल्पना सांगायचे, साहेब लोक मान डोलवायचे, "छान आहे, कागदावर छान आहे," म्हणायचे आणि नेहमीसारख्या एकाच चित्राच्या चार वेगळ्या प्रती काढायचे, चांगल्या फोनसाठी एक, वाईट फोनसाठी एक. सर म्हणायचे, "चार पाहुण्यांसाठी चार वेगळे स्वयंपाक करतात ते. मी एकच करतो. वरणभात सगळ्यांना. ज्याची भूक मोठी त्याला वरून भाजी. त्याहून मोठी असेल तर पोळी." एके दिवशी त्यांनी ती नोकरी सोडली आणि वडगावला गिरणीवर खोली घेतली. ती नोकरी का सोडली, कशी सोडली, हे त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि काकूंनीही विचारू दिलं नाही.

थरांची सवय त्यांच्या बोलण्यातही उतरली होती. फोनवर म्हणायचे, "उद्या नको. परवा ये. घरी पाहुणे आहेत. साताऱ्याचे आहेत." कुठेही फोन कटला तरी काम झालेलं असायचं. हॉटेलात म्हणायचे, "चहा. दोन. एक बिनसाखरेचा." वेटर 'दोन'लाच पाठ फिरवून निघून जायचा, म्हणून सरांना वर्षानुवर्षं साखरेचा चहा प्यावा लागला. काकू सांगायच्या, "मला मागणी घालताना हे नुसतं 'लग्न' म्हणाले. मी विचारलं, कुणाचं? तेव्हा दुसरा थर आला."

दुसरी एक खोड जास्त भयंकर होती. चालू असलेली गोष्ट मध्येच बंद करून बघायची. माझ्या पहिल्याच आठवड्यात तळेगावच्या एका शाळेचं बक्षीस वितरण थेट चालू होतं, आणि सरांनी सरळ हात घालून एका लॅपटॉपची वायर ओढली. मी खुर्चीवरून उठलेच. चित्र क्षणभर धुरकट झालं, मग बाकीच्या आठांनी त्याचं काम उचललं आणि पुन्हा स्वच्छ झालं. मी विचारलं, "सर, काही बिघडलं होतं का?"

"नाही."

"मग बंद का केला?"

"तो कधीतरी बंद पडणारच आहे. तेव्हा काय होतं ते मला आज बघायचं होतं. आज आपण दोघं शांत आहोत."

मी मुळीच शांत नव्हते. घरी हा प्रयोग काकूंनी बंद पाडला होता. एकदा पाहुणे जेवायला बसलेले असताना सरांनी एक कुकर मुद्दाम कपाटात लपवला होता. त्या दिवसापासून स्वयंपाकघरात त्यांना एकटं सोडत नसत.

पण आमची एक पंचाईत होती. कामं मिळत होती ती तळेगावात, लोणावळ्यात. तिथे सगळ्यांचे फोन फक्कड चालायचे, कुणालाही काहीही पाठवलं तरी दिसायचं. सरांच्या थरांचं तिथे कामच नव्हतं. ते उदास व्हायचे. "आपल्याला वाईट नेटवर्क हवंय," म्हणायचे, आणि रविवारी मोपेड काढून आंदर मावळात जायचे. एका हातात हँडल, दुसऱ्या हातात फोन उंच धरलेला. फोनवरच्या रेघा एकेक करून गेल्या की यांचा चेहरा फुलायचा. भाताची खाचरं, डोंगर, गुरं, यांतलं त्यांना काही दिसायचं नाही. परत येऊन सांगायचे, "त्या खिंडीपलीकडे काय सुंदर आहे. काही म्हणजे काही लागत नाही."

तिथल्याच एका गावाचे आबा एक दिवस माडीवर आले. यात्रा कमिटीचे प्रमुख, बैलगाड्यांचे शौकीन, पांढऱ्या मिशा. जिना चढून आल्यावर झग्यांतले नऊ लॅपटॉप बघून बराच वेळ उभेच राहिले.

"ह्ये काय हाय?"

"सर्व्हर," सर म्हणाले. "आमचा. नऊ मिळून एक."

आबा बसले आणि त्यांनी गेल्या यात्रेची हकिगत सांगितली. "गेल्या साली यक व्हॅनवाला आलता. लय मोटी गाडी, वर छत्री. पयली बारी सुटली आन् फोनवर त्ये गोल चाक फिराया लागलं. गाडा निशाण टाकून गेला, बैलं सोडली, पाणी पाजलं, तरी चाक आपलं फिरतंयच. चाकणची, पुण्याची, पार दुबईची पोरं फोन करून मला शिव्या द्याया लागली. मी काय चाक फिरवत हुतो व्हय?"

बैलगाड्यांची शर्यत ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगते. घाटावर, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, एकेक गाडा सोडतात, पुढे घोडी, मागे बैल. अशा एका पळण्याला बारी म्हणतात. ती दहा-बारा सेकंदांत संपते. ज्या गोष्टीसाठी वर्षभर बैलाला जपायचं, ती तेवढ्यात होऊन जाते. तेवढ्यात चित्र अडकलं तर मग दाखवायला काही उरतच नाही.

"आवंदा माझा लक्ष्या शेवटचा पळणार," आबा म्हणाले. "त्याची आय खपली तवा माझ्या भनीनं त्याला बाटलीनं दूध पाजून वाढिवला. आक्का डोंगरापल्याड वाडीवर दिली हाय. कवा एक यात्रा चुकिवली न्हाई तिनं. आन् आता पाय मोडून पडलीया. तितं फोनला धड रेघ येत न्हाई. तिला लक्ष्या दिसंल का?"

सर खुर्चीच्या कडेवर आले. "रेघ किती? एक तरी?"

"जांभळीखाली यक येती. कवा येती, कवा जाती."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. एखाद्याला लॉटरी लागल्यावर तो बायकोकडे बघतो तसं. "दिसेल," ते आबांना म्हणाले. "धूसर दिसेल. पण अडकणार नाही." मग त्यांनी बेस लेअर समजावून सांगितला.

आबांनी मन लावून ऐकलं. "म्हंजी खाली बेसन, आन् वर ज्याला झेपंल त्ये."

"अगदी बरोबर," सर म्हणाले. त्या दिवसापासून ऑफिसात आम्ही बेसनच म्हणू लागलो.

यात्रेच्या दिवशी सर आणि मी घाटावर, आणि काकू माडीवर लॅपटॉपांपाशी, अशी वाटणी झाली. गिरणी चालू झाली की वरचा विजेचा दाब पडायचा आणि अशक्त लॅपटॉप मान टाकायचे, म्हणून गिरणीवाल्या भाऊंनी दिवसभर दळण बंद ठेवायचा शब्द दिला होता. घाटावर आम्ही बांबूला दोन फोन बांधले. दोन अर्थातच. एका फोनवर सरांचा विश्वास बसणं शक्य नव्हतं.

पहिली बारी सुटली. हलगी, शिट्ट्या, भंडारा, धुळीचा लोट, आणि माणसं नुसती उड्या मारतायत. आबा मात्र घाटाकडे पाठ करून स्वतःच्या फोनमध्ये डोकं घालून उभे. गाडा निशाण पार करून गेला तरी त्यांच्या फोनवर अजून बैलच जुंपत होते.

"ह्ये मागं हाय," आबा म्हणाले.

"गाडा पळत गेला, चित्र चालत येतंय," सर म्हणाले. "पण येतंय."

आणि आलं. स्वच्छ, अखंड, शेवटच्या धुळीपर्यंत. बघणारी माणसं भराभर वाढत गेली, चाकणहून, पुण्याहून, दुबईहून. चार-पाच बाऱ्या अशाच गेल्या. मी आनंदाने कधी शिट्टी वाजवली ते माझं मलाच कळलं नाही, आणि मला तोवर शिट्टी येत नव्हती. पण आबांच्या मनातून व्हॅनवाला जाईना. "गेल्या साली बी सुरवातीला चांगलंच दिसत हुतं."

यावर सरांनी काकूंना फोन लावला. "बंद कर. एक. कुठलाही."

"सर, नको," मी म्हटलं. "पुढे लक्ष्याची बारी आहे."

पण काकूंनी वायर ओढलीसुद्धा. आबांच्या फोनवर चित्र जरा धुरकट झालं आणि पुन्हा उजळलं. आबांच्या मिशा हलल्या. "खरंच काडली का वायर?"

"काढली," फोनमधून काकूंचा आवाज आला. त्या आवाजावर अविश्वास दाखवायची कुणाची टाप नव्हती.

"आजून एक काडा."

काकूंनी काढली. चित्र चालूच.

"आजून एक."

मग त्या दोघांना कुणी आवरेना. एक पासष्टीचे, एक पंचावन्नचे, आणि दोघं खांद्याला खांदा लावून त्या फोनवर वाकलेले. तिसरी गेली, चौथी गेली. चित्र फिकट होत चाललं, पण थांबेना. पाचवीला काकू म्हणाल्या, "चार उरलेत. आता थांबू, की मलाही बंद करून बघायचंय?" सर हसले आणि म्हणाले, "थांब. लाव सगळे परत."

ते जुने लॅपटॉप चालू व्हायला दहा मिनिटं घ्यायचे. काकूंनी पहिल्याचं बटण दाबलं असेल नसेल, तेवढ्यात फोनमधून घरघर ऐकू आली.

"गिरणी," काकू म्हणाल्या. "भाऊंनी गिरणी चालू केली. दोन गेले. दोनच उरलेत." मग जिन्यावरून त्यांचा आवाज खाली गेला आणि भाऊंचा वर आला. "हळदीच्या घरचं दळण हाय वयनी. लगीन थांबत न्हाई." त्यावर काकू काय म्हणाल्या ते आम्हाला ऐकू आलं नाही, कारण त्याच वेळी घाटावरच्या भोंग्यातून आबांच्या गाड्याचा पुकारा झाला.

आबांचा चेहरा पडला. "आक्का बघत आसंल," एवढंच म्हणाले. "आन् मीच म्हनलो, आजून एक."

सरांनी माझ्या हातातली वही घेतली आणि आबांच्या फोनवर ऊन पडू नये म्हणून धरून राहिले. इतक्या वर्षांचं त्यांचं काम त्या वेळी दोन म्हाताऱ्या लॅपटॉपांवर उभं होतं, आणि ती वेळ त्यांनी स्वतःच आणली होती.

गाडा सुटला. मी खरा लक्ष्या पाहिला. मान खाली घालून तो जो निघाला, की घोडीला मागे वळून बघायलाही सवड मिळाली नाही. सगळा घाट ओरडत होता. निशाण पडलं, भोंग्यातून पहिल्या नंबराचा पुकारा झाला, आणि आबांवर भंडारा उधळला गेला. आबा आणि सर मात्र फोनकडेच बघत होते. थोड्या वेळाने तिथेही गाडा आला. गाडा कसला, पिवळसर पडद्यावर दोन तपकिरी ठिपके, एक पुढे, एक मागे. खालून वर सरकत गेले. मध्ये कुठेही अडले नाहीत. खाली लोकांचे निरोप येत होते. एकाने लिहिलं होतं, "काही दिसत नाही, पण पळतंय जोरात."

पुढच्या वर्षी पाच गावांनी सरांना बोलावलं. सरांनी मोठा सर्व्हर घेतला नाही, आणखी सहा जुने लॅपटॉप आणले, आणि काकूंच्या ओढण्या संपल्या. भाऊंनी गिरणीसाठी वेगळं मीटर घेतलं. मी दोन वर्षांनी पुण्यात मोठ्या कंपनीत गेले. निघताना सर म्हणाले, "जा. फोन कर. रात्री केलास तर मी घरी असतो." आता माझ्या कंपनीतही चित्र थरांमध्ये पाठवायचं ठरतंय. त्या बैठकीत मी इतक्या उत्साहाने बोलले की साहेब म्हणाले, जरा हळू.

पण सरांचं नाव निघालं की मला आठवते ती त्या यात्रेची दुपार. बक्षिसाचा समारंभ सुरू व्हायचा होता, फेटे बांधणारा सरांना शोधत होता, आणि सर मोपेडला किक मारत होते. "वाडीवर जायचंय. सगळ्यांत वाईट फोन आधी बघायचा." भंडाऱ्याने पिवळे झालेले आबा त्यांच्या मागे बसले. दुसऱ्या मोपेडवर मी. खिंड ओलांडेपर्यंत आबांनी एकदाच तोंड उघडलं. "तिला मी काय सांगू?"

वाडीवर जांभळीच्या फांदीला फोन दोरीने बांधला होता. खाली बाजेवर आबांची आक्का, आमच्यासाठी मावशी, एक पाय प्लास्टरमध्ये, आणि भोवती सात-आठ बायका. आम्हाला बघितल्यावर मावशींनी भावाला "ये" पण म्हटलं नाही. सरळ सुरुवात केली.

"आसा निगाला बग त्यो. सुटतानाच डाव्या अंगाला मान टाकली, ल्हान हुता तवा बाटलीला टाकायचा तशी. मी म्हनलं, आता ह्यो कुनाला गावत न्हाई. घोडीवाला मागं बगतोय, त्याचा फेटा सुटलाय, त्याला काई सुदरंना. लक्ष्याच्या तोंडाला फेस आलाय, पर डोळं आसं, निस्तं निशाणावर. धुरळा तर आसा उटला, मानसं दिसंनात. आन् तू तितं फोनात तोंड घालून हुबा आसशील, मला ठावं हाय."

सर पुढे झाले, बाजेजवळ उकिडवे बसले आणि दबक्या आवाजात विचारलं, "मावशी, हे सगळं तुम्हाला त्या फोनवर दिसलं?"

"दिसतंय कुटं बाबा," मावशी म्हणाल्या. "दोन ठिपकं दिसलं. पुडचा घोडीचा, मागला माझा. बाकीचं मला ठावं हाय की."

सरांना हसू फुटलं, आणि ते इतकं वाढत गेलं की त्यांना खाली मातीत बसावं लागलं. त्यांना बघून बायका हसायला लागल्या, मग मी, आणि शेवटी आबा, डोळे पुसत पुसत. चष्मा काढून सरांनी तो सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला, आणि मांडी ठोकून नीट बसले.

"मावशी, पहिल्यापासून सांगा ना परत."

मावशींनी उशी सारखी केली आणि पहिल्यापासून सांगितलं. त्या खेपेला लक्ष्या आणखी जोरात पळाला.